सेवक-प्रशिक्षण : ग्रामकारभाराच्या सुधारणेचे एक साधन

कायदा विधिमंडळात होतो. परंतु त्याचा अनुभव गावकऱ्यास येतो तो पंचायतीच्या दप्तरात, शाळेच्या ओसरीवर आणि दाखला मागावयास गेलेल्या माणसाला मिळणाऱ्या उत्तरात. कायद्याचे कलम कितीही उत्तम असले, तरी ज्याच्या हाती नोंदवही आहे त्यास ते कलम उमगले नसेल, तर गावाच्या दृष्टीने ते कलम झालेच नाही असे म्हणावे लागते. म्हणून स्थानिक स्वराज्याची सुधारणा करू इच्छिणाऱ्यांनी कायद्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, काळजी सेवकांच्या प्रशिक्षणाची घेतली पाहिजे.

प्राथमिक शिक्षकाचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. तो स्वतः जिल्हा परिषदेचा सेवक आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीचा सचिव या नात्याने गावकऱ्यांना कारभार शिकविण्याची जबाबदारीही मुख्याध्यापकावर येते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मातीत या विषयाचे दोन मोठे धडे घडले आहेत. त्यांची उजळणी करून आजच्या कामास त्यातून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. औंधचा धडा

आज सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाणारा बराचसा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यात व लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या मुलखातील औंध हे एक लहानसे संस्थान. त्याची बहात्तर गावे एका सलग पट्ट्यात नव्हती. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळचा भाग विजापूरकडे, अशी ती विखुरलेली होती.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपली राजसत्ता प्रजेच्या हाती देण्याचा निश्चय केला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले अभियंते यांनी या कामी पुढाकार घेतला, व महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य-घटना अमलात आली. प्रत्येक गावास पाच जणांची निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुक्याची सभा आणि त्यावर संस्थानचे विधिमंडळ, अशी तिची खालून वर जाणारी रचना होती. गावचे प्रश्न शक्य तो गावानेच सोडवावेत हे तिचे सूत्र होते.

या घटनेचा एक भाग शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मताधिकार आणि साक्षरता यांची सांगड घालावी, असा गांधीजींचा आग्रह होता. आजच्या लोकशाहीच्या कल्पनेत ही अट बसणार नाही, आणि ती बसू नये हेही योग्यच. निरक्षर माणसाचे मत साक्षराच्या मताहून हलके नसते. परंतु त्या अटीमागील विचार मोलाचा होता. ज्याच्या हाती कारभार द्यावयाचा, त्यास जमाखर्चाचा कागद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागू नये, हा तो विचार. सत्ता देणे आणि ती पेलण्याचे शिक्षण देणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे औंधने आठ दशकांपूर्वी ओळखले होते. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व प्रयोग थांबला. अवघ्या नऊ वर्षांचा हा काळ. तरीही पंचायत राज्याच्या इतिहासात औंधचे नाव आदराने घेतले जाते.

२. साताऱ्याचा धडा

दुसरा धडा कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याचा. १९१९ साली कराडनजीक काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलविले. बहुजनांच्या मुलांसाठी खेडोपाडी शाळा निघाव्यात ही त्यांची तळमळ होती. पण त्यांनी कामाचा जो क्रम लावला तो मननीय आहे. १९३५ साली त्यांनी साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांचे अध्यापक विद्यालय काढले. खेड्यांतील व्हॉलंटरी शाळांची मोठी मोहीम त्यानंतरची, १९३७ साली प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यानंतर सुरू झालेली. ज्या गावी सरकारी शाळा पोचली नव्हती, अशा गावी या शाळा निघाल्या. त्यांची संख्या वाढत वाढत ५७८ पर्यंत गेली, आणि पुढे त्या जिल्हा शाळा मंडळाच्या स्वाधीन करण्यात आल्या.

आधी शिक्षक घडविण्याची सोय, मग शाळांचा विस्तार, असा हा क्रम होता. तो उलटा असता, तर शाळा कागदावर वाढल्या असत्या आणि वर्गात मुले व शिक्षक दोघेही चाचपडत राहिले असते. शिवाय भाऊरावांच्या संस्थेत श्रमाला मान होता. खेड्यात राहावयाचे, हाताने काम करावयाचे, लोकांकडून शाळेसाठी जागा मिळवावयाची, या गोष्टी अंगवळणी पडलेला तरुण गावात गेला की त्यास गाव परके वाटत नसे. प्रशिक्षणाचे स्थळ आणि कामाचे स्थळ यांत जितके अंतर कमी, तितके प्रशिक्षण अधिक टिकते, हा या धड्याचा इत्यर्थ होय.

३. १९६२ नंतरचा पल्ला

राज्यस्थापनेनंतर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ साली आपला अहवाल दिला. त्यावरून झालेल्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे याच मुलखाचे. त्यांचा जन्म देवराष्ट्रे येथील, कर्मभूमी कराड. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, बांधकाम अशी निरनिराळी कामे व ती करणारे सेवक एका छत्राखाली आले. ज्यांनी आजवर फक्त वरिष्ठांचे हुकूम पाळले होते, त्यांना लोकनियुक्त सभासदांच्या ठरावाप्रमाणे काम करावयाचे होते. आणि ज्यांनी आजवर फक्त मागण्या केल्या होत्या, त्यांना अंदाजपत्रकाच्या चौकटीत निर्णय घ्यावयाचे होते. दोघांनाही नवे शिक्षण हवे होते.

राज्याने १९६३ साली मुंबईत प्रशासकीय प्रशिक्षणाची संस्था काढली; १९८४ साली ती पुण्यास गेली आणि १९९० पासून ती यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, म्हणजेच 'यशदा', या नावाने ओळखली जाते. शिक्षकांसाठी १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. साताऱ्याची फलटण येथे व सांगलीची सांगली येथे आहे. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचे अधिष्ठान दिले व स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्मे झाले. पिढ्यान् पिढ्या ज्यांना चावडीची पायरी चढू दिली नव्हती, त्या भगिनी सरपंचाच्या खुर्चीवर बसल्या. या भगिनींना दप्तर कसे वाचावे हे कोणी समजावून दिले, तर त्या स्वतःच्या बुद्धीने कारभार करू लागतात. न दिल्यास त्यांच्या नावाने दुसराच कोणी कारभार पाहतो. प्रशिक्षणाचे मोल किती, हे या एका उदाहरणावरूनही ध्यानात यावे.

२०१५ साली चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि 'आमचं गाव, आमचा विकास' या कार्यक्रमाखाली प्रत्येक गावास स्वतःचा विकास आराखडा तयार करण्यास सांगण्यात आले. पैसा आला, अधिकार आला. आता प्रश्न उरला तो आराखडा करणाऱ्या हातांचा.

या बाबतीत केरळ राज्याचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे १९९६ साली लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना-निधीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आला. त्याच वेळी लोकप्रतिनिधी, सेवक आणि स्वयंसेवक यांच्या शिक्षणाची व्यापक मोहीमही हाती घेण्यात आली. आणि त्यात निवृत्त शिक्षक-अभियंत्यांसारख्या जाणत्या मंडळींना सामावून घेतले गेले. निधी व शिक्षण ही दोन्ही पावले तेथे जोडीने पडली.

४. प्रशिक्षण वाया का जाते?

एवढ्या संस्था व एवढे वर्ग असूनही 'पालथ्या घड्यावर पाणी' असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. त्याची कारणे शोधली असता ती बहुधा पुढीलप्रमाणे आढळतात.

पहिले कारण पाझराचे. राज्य पातळीवर दिलेले शिक्षण जिल्ह्यास, जिल्ह्याचे तालुक्यास, तालुक्याचे केंद्रास असे उतरत येते. पाटाचे पाणी मुखाशी भरपूर असते, पण टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत जाता जाता ते आटते. तसेच येथे होते. पाच दिवसांचा विषय शेवटच्या शिक्षकापर्यंत अर्ध्या दिवसाचा होऊन पोचतो, आणि त्यात उरते ते केवळ सूचनांचे वाचन.

दुसरे कारण निवडीचे. ज्यास काम करावयाचे आहे तो कामात गुंतलेला असतो. म्हणून ज्यास सवड आहे तो वर्गास पाठविला जातो. परत आल्यावर त्याच्याकडे ते काम नसते, आणि ज्याच्याकडे काम असते त्यास शिक्षण नसते.

तिसरे कारण मोजमापाचे. वर्गास किती जण हजर होते याची नोंद राहते. त्यानंतर कोणत्या नोंदवहीत काय सुधारले, हे कोणी पाहत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. हे पन्नास तास घड्याळाचेच राहिले, तर धोरणाचा हेतू फसेल. त्यातील दहा तासांचा तरी परिणाम वर्गात वा दप्तरात दिसला पाहिजे.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याकडे लक्ष सर्वांत कमी जाते. एकाच कामात गुंतलेल्या माणसांना निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी शिकविले जाते. शिक्षकांचा वर्ग वेगळा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा वेगळा, सरपंचांचा वेगळा. प्रत्येकास आपापले कर्तव्य पाठ होते. परंतु आपले काम जेथे संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते, हे सांधे कोणासच ठाऊक नसतात. गावाचे काम अडते ते बहुधा या सांध्यांवर.

५. एका छपराचे उदाहरण

एखाद्या खेड्यातील दोन खोल्यांची शाळा डोळ्यांसमोर आणावी. एका खोलीचे छप्पर गळते. पावसाळ्यात दोन वर्ग एका खोलीत बसतात; पहिलीची मुले पाढे म्हणतात आणि चौथीच्या मुलांना काही ऐकू येत नाही. दुरुस्ती व्हावी असे सर्वांना वाटते. मुख्याध्यापक अर्ज करतात, पण त्यास शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडलेला नसतो. ठराव होतो, तेव्हा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची ग्रामसभा होऊन गेलेली असते. पंचायत समितीकडे कागद जातो, तर अभियंत्याचे अंदाजपत्रक नसल्याने तो परत येतो. अंदाजपत्रक तयार होईतो मार्चअखेर उलटते. जून उजाडतो, पाऊस कोणत्याही मंजुरीची वाट पाहत नाही.

येथे कोणी पैसा खाल्लेला नाही, कोणी मुद्दाम अडवणूक केलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे काम केले आहे. तरीही मुलांचे एक वर्ष गेले, आणि पहिलीच्या मुलाचे गेलेले वर्ष कोणत्याही पुरवणी अंदाजपत्रकात परत मिळत नाही.

आता असे समजावे, की त्याच गावाच्या मुख्याध्यापकास, समितीच्या अध्यक्षास, सरपंचास, ग्रामपंचायत अधिकाऱ्यास व शाखा अभियंत्यास एक दिवस एकत्र बसविले. व्याख्यान न देता त्याच छपराचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. आणि हा कागद कोणत्या महिन्यात कोणाच्या हातून कोणाकडे जावा, हे त्यांच्याकडूनच लिहून घेतले. संध्याकाळपर्यंत एक साधे कोष्टक तयार होईल : ऑगस्टमध्ये पाहणी व ठराव, सप्टेंबरमध्ये अंदाजपत्रक, आराखड्याच्या ग्रामसभेपूर्वी मागणी, मंजुरीनंतर दिवाळी ते मार्च या काळात काम. महिने गावोगावच्या सोयीने बदलतील. क्रम बदलणार नाही. असे एक काम तडीस गेले, की त्या पाच जणांना पुढील दहा कामांसाठी वर्गाची गरज पडत नाही. प्रत्यक्ष काम हाच येथे पाठ असतो व पूर्ण झालेले छप्पर हीच परीक्षा.

औंधच्या पंचायती कारभार करीत करीत कारभार शिकल्या. साताऱ्याचा विद्यार्थी-शिक्षक खेड्याच्या कामासाठी खेड्यासारख्याच जीवनात घडला. या दोन्ही धड्यांचे सार वरील उदाहरणात एकत्र येते. ज्यांना मिळून काम करावयाचे, त्यांना मिळून शिकवावे. आणि ते त्यांच्याच कामावर शिकवावे.

६. शिक्षकांच्या हातची कामे

मोठ्या योजनांची वाट न पाहता शाळेच्या पातळीवर करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत.

(१) बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असतात. समितीच्या प्रत्येक सभेत पंधरा मिनिटे शिक्षणासाठी राखावीत. एका सभेत रोकडवही कशी वाचावी, दुसरीत ठराव कसा लिहावा, तिसरीत शाळा विकास आराखडा म्हणजे काय, असा क्रम लावावा. वही सभासदांच्या हाती द्यावी. ज्या मातेस अक्षरओळख नाही, तिला आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत व तिचे मत विचारावे. तिला हिशेब कळत नाही असे गृहीत धरू नये. ती घरचा संसार हिशेबानेच चालविते. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा घेण्याची प्रथा कोठे असेल, तर ती त्याच दिवशी बंद करावी.

(२) बदली होऊन जाताना मुख्याध्यापकाने दप्तराच्या यादीबरोबर एक पानभर टाचण ठेवावे : कोणते काम कोठवर आले आहे, कोणता कागद कोणाकडे आहे, गावात कोणाचे साहाय्य होते. माणूस बदलला की त्याबरोबर त्याचे शिक्षणही गावातून निघून जाते, ते काही अंशी या पानाने मागे राहते.

(३) केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर वेळी एका शाळेने पुरे केलेले एक काम आणि एका शाळेचे अडलेले एक काम मांडावे. अडलेल्या कामाची चर्चा दोष शोधण्यासाठी नसावी. कागद कोणत्या सांध्यावर थांबला एवढेच पाहावे. शक्य असेल तेव्हा त्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यास निमंत्रण द्यावे.

(४) वर्गाहून परत आलेल्या शिक्षकाने आठ दिवसांच्या आत शाळेत एक बदल करून दाखवावा, मग तो कितीही लहान असो. आणि मुख्याध्यापकाने त्यास तशी मुभा द्यावी. शिकून आलेल्या तरुण शिक्षकास 'आपल्याकडे असेच चालते' हे वाक्य ऐकावे लागणे, यासारखा प्रशिक्षणाचा दुसरा अपव्यय नाही.

७. मर्यादेची जाणीव

प्रशिक्षण म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा नव्हे. जेथे पद रिक्त आहे तेथे शिकवावयाचे कोणास? जेथे निधी वेळेवर पोचत नाही, तेथे कुशल सेवकही हतबल होतो. एका शिक्षकावर अध्यापनाखेरीज इतर कामांचा भार पडत असेल, तर त्यास वेळेच्या नियोजनाचा पाठ देणे ही थट्टाच ठरेल. आणि जेथे हेतूच शुद्ध नाही, तेथे शिक्षणाने फक्त चतुराई वाढते. त्यावर उपाय लेखापरीक्षणाचा, ग्रामसभेचा व २००५ च्या माहिती अधिकाराचा आहे. या मर्यादा मान्य केल्याने प्रशिक्षणाचे महत्त्व कमी होत नाही. उलट त्याच्याकडून काय मागावे व काय मागू नये, हे स्पष्ट होते.

समारोप

स्थानिक स्वराज्य हे वरून दिलेले दान राहू नये, ते खालून पेलले जावे, अशी औंधच्या घटनाकारांची व साताऱ्याच्या कर्मवीरांची आकांक्षा होती. हे पेलणे शिकावे लागते. ज्या गावात नोंदवही उघडी आहे, ठराव वाचून सही होते आणि गेलेल्या मुख्याध्यापकाचे टाचण आलेल्या मुख्याध्यापकाच्या हाती पडते, त्या गावात सुधारणा पोचली असे खुशाल समजावे. अशी गावे वाढविण्याचे काम शिक्षकाच्या हातून जितके होईल तितके अन्य कोणत्याही सेवकाच्या हातून होणे कठीण; कारण शिकविणे हा त्याचा धर्म आहे आणि गावातील प्रत्येक घराचे दार त्यास उघडे आहे.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेचे गेल्या तीन वर्षांत अडलेले एखादे काम कोणत्या सांध्यावर अडले?

२. व्यवस्थापन समितीतील किती सभासदांनी शाळेची रोकडवही स्वतः पाहिली आहे? न पाहिलेल्यांसाठी काय करता येईल?

३. गेल्या वर्षी घेतलेल्या प्रशिक्षणातील कोणती एक गोष्ट आज वर्गात वा दप्तरात दाखविता येईल?

४. शाळेच्या गरजा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात वेळेवर जाव्यात, यासाठी आपल्या गावी कोणत्या महिन्यात काय करावे लागेल?